दोन घरांचा ग्राइंडर

मी इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर बोलतोय. पोटात दगड आहे म्हणून मला भीती वाटत नाही, असं समजू नका.

उल्हासनगरच्या एका दुकानात मी बरेच महिने धूळ खात होतो. रविनाने मला गटकर्जातून घेतलं. पाच बायकांचा गट, पाची एकमेकींना जामीन. अंबरनाथला आलो तेव्हा तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली होती. महिन्याभरात एमआयडीसीच्या गेटवर पहिल्या शिफ्टचे कामगार तिच्या इडलीसाठी थांबू लागले. आता तिला हातगाडीसाठी दुसरं कर्ज हवं होतं.

शेजारच्या गंगूनेही त्याच गटातून ग्राइंडरसाठीच कर्ज काढलं होतं. ते पैसे मुलीच्या ऑपरेशनला गेले. मंगळवारी कर्ज देणाऱ्या संस्थेचा सुजित तपासणीला येणार हे कळताच ती धापा टाकत आली.

"तुझ्याकडचं बघून झालं की ग्राइंडर मागच्या दाराने मला दे गं. माझं खोटं निघालं तर पाचींचं कर्ज बंद. तुझी गाडीपण गेली समज."

रविना तांदूळ निवडत राहिली. पण सुजितने मला चालवून बघितलं, फोटो काढला आणि तो चहाला टपरीवर गेला, तेव्हा दोघींनी मला उचलून गंगूकडे नेलं. गंगूने मला पदराने पुसलं.

सुजित आला. त्याने माझ्या अंगावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"ताई, मोटर गरम आहे. मगाशी तिकडे चालवला तोच ना हा?"



"माझाच आहे, सर," दारातून रविना म्हणाली. "हिचे पैसे पोरीच्या ऑपरेशनला गेले. तसंच लिहा."

"अगं बाई, काय बोलतेस!"

"तू गप. सर, हा दुपारभर रिकामाच असतो. ही यावर वाटेल, शिवमंदिरापाशी विकेल. हप्ता फेडेल."

"दोघींत एक मशीन? फॉर्ममध्ये असं काही बसतच नाही, ताई."

"मग माझ्या गाडीचं कर्ज कापा. हिला गटातून काढू नका."

सुजितने बराच वेळ काहीतरी लिहिलं. "वरती विचारतो," म्हणाला आणि गेला.

आज शुक्रवार. उत्तर आलेलं नाही. फोन वाजला की दोघी एकमेकींकडे बघतात. गंगू मात्र काल दुपारी माझ्यात पीठ वाटून आज सकाळीच इडल्यांचा डबा घेऊन गेलीय.

मंदिराकडे गेलात आणि ओरडायला लाजणारी इडलीवाली दिसली, तर एक प्लेट घ्या. इडली कडक लागली तरी तिला सांगू नका. पहिलाच घाणा आहे.