ताजी मुशी

‘हात थांबव गं,’ लिमये सर मनातल्या मनात ओरडले. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. इंटर सायन्सची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि बाहेरून आलेले परीक्षक शेजारीच उभे होते.

समोर माणिकचा हात सरसर चालला होता. तिने मुशीचं, म्हणजे त्या लहानशा शार्क माशाचं, पोट चिरलं, दोन बोटं आत घातली आणि एका हिसक्यात काळीज, जठर, आतडी सगळं बाहेर ओढून पायाशी असलेल्या बादलीत टाकलं. मग तांब्यातल्या पाण्याने मुशी आतून-बाहेरून स्वच्छ धुतली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली कुठलीही पोर डोळे मिटून करील असं ते काम. प्रश्न मात्र होता, मुशीच्या पोटातली इंद्रियं जागच्या जागी उघडी करून दाखवा.

धुतलेली मुशी ट्रेमध्ये ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती बादलीकडे बघत राहिली.

‘‘वा!’’ परीक्षक म्हणाले, ‘‘आता नारळ वाटायचा तेवढा राहिला!’’

सगळे खो खो हसले. माणिकने हात पुसले आणि ती खाली मान घालून निघून गेली. लिमये सर जिथे होते तिथेच उभे राहिले.

अंधेरीच्या त्या कॉलेजात सायन्सला आलेली कोळीवाड्यातली ती पहिली मुलगी. तिच्या बाकावर कुणी बसत नसे. पोरी नाकाला रुमाल लावत. गंमत अशी, की ज्या मुश्या कापून ही मंडळी पास व्हायची त्या माणिकच्या आईच्या, सोनूबाईच्याच टोपलीतून यायच्या. लेखी परीक्षेत माणिक कुणाला हार जात नव्हती. प्रयोगशाळेत मात्र चिमटा धरला की तिचा हात अडखळायचा. लिमये सर वार लावून जेवत शिकलेले. परक्या घरी पानावर अंग चोरून बसणं काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून वर्षभर दर शनिवारी ते तिला थांबवून घ्यायचे, टिकवण्याच्या औषधात घालून ताठ झालेल्या मुश्या कापायला लावायचे. घरी गेल्यावर बायको अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसे. तेही निमूट सोसायचे.

सोनूबाईने आधीच बजावलं होतं, ‘‘मास्तर, पास जाली तं शिकंल. नाय तं टोपली घेल.’’

आणि नेमक्या परीक्षेच्या तोंडावर औषधातल्या मुश्या नासल्या. लिमये सरांनीच सोनूबाईला ताज्या पाठवायला सांगितलं. परीक्षेच्या सकाळी माणिक बावरली होती, तेव्हा तिला धीर यावा म्हणून तेच म्हणाले होते, ‘‘घाबरतेस काय एवढी? घरी कापतेस तशी काप!’’

तिने अगदी तश्शीच कापली. हा विचार त्यांना रात्रंदिवस खात राहिला.

निकाल लागल्यावर ते अंधेरीच्या मासळीबाजारात गेले. जन्मात कधी त्या बाजारात शिरले नव्हते. सोनूबाईच्या शेजारी पाटावर माणिक बसली होती, पुढ्यात कोयता.

‘‘माणिक, ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं. फक्त प्रात्यक्षिकात गेलंय तुझं. मी शिकवतो.’’

माणिकने आईकडे पाहिलं.

‘‘तुमचा राग नाय, मास्तर,’’ सोनूबाई म्हणाली. ‘‘पन तिचा लगीन ठरलाय. मढ गावची मानसं हायत, चांगली.’’

‘‘अगं, पण तुझं काय म्हणणं?’’ सर माणिककडे वळले. ‘‘चूक माझी होती गं. मीच तुला...’’

‘‘नाही, सर,’’ ती तिथेसुद्धा कॉलेजातल्यासारखं बोलली. ‘‘हात माझाच होता.’’

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. ‘‘ही मुशी दे साफ करून. लवकर हं!’’

माणिकने मुशी पुढ्यातल्या फळीवर उताणी घेतली. पण या वेळी हिसका नव्हता. तिने मधोमध सावकाश चीर दिली, दोन्ही बाजू अलगद उलगडल्या. वर काळीज, खाली जठर, शेवटी वळणावळणाचं आतडं. काही तुटलं नव्हतं, काही हललं नव्हतं. तिने मान वर केली आणि सरांकडे पाहिलं. सरांनी नकळत मान डोलावली.

‘‘अगं, बघत काय बसलीस?’’ गिऱ्हाईक खेकसलं.

माणिकने दोन बोटं आत घातली आणि सगळं ओढून बादलीत टाकलं.