दबलेला कॅटल गार्ड

टेबलावर वीतभर लांबीचं रेल्वेचं डिझेल इंजिन उभं होतं आणि हिलालअप्पांची नजर त्याच्या पुढच्या टोकावर खिळली होती. प्रदर्शनाला इंजिन न्यायला आलेले पंडितकाका दारातच थबकले. एकेकाळी ते रेल्वेत अप्पांचे सहायक ड्रायव्हर होते. त्यांनी एकवार अप्पांच्या लेकीकडे, वर्षाकडे पाहिलं, एकवार आपल्या जुन्या ड्रायव्हरकडे, आणि रिक्षाची किल्ली उगाच बोटांत फिरवत राहिले.

हे इंजिन वर्षाने कित्येक महिने घडवलं होतं. पांडेसऱ्याच्या ज्या मिलमध्ये ती कापडाची डिझाइनं काढते, तिथली छपाईची फाटकी जाळी कापून तिने रेडिएटर झाकला. पितळी तारेतून कठडे वळवले. छतावरची काजळी तर बोटाला लागेल की काय, असं वाटे. तापी लाईनवर अप्पा चालवत, तेच हे इंजिन. खरं केव्हाच भंगारात कापलं गेलं. रुळावरचं जनावर बाजूला सारणारा पुढचा कॅटल गार्डही तिने हुबेहूब केला होता. तो डावीकडे आत दबलेला होता.

"काय भो," पंडितकाकांनी हसण्याचा प्रयत्न केला, "पोरीने एवढं नटवलं, आणि नाक मात्र चेपलेलंच ठेवलं!"

अप्पा हसले नाहीत. "सरळ कर तो."

"तो असाच होता, अप्पा."

"शेडमध्ये दुसऱ्याच दिवशी ठोकून सरळ केला होता. विचार पंडितला."

"मग माझा पहिल्या दिवशीचा आहे."

त्या पहिल्या दिवशी नवागामजवळ एक माणूस कापडाच्या ताग्यांनी लादलेली हातलारी ओढत रूळ ओलांडत होता. अप्पांनी हॉर्न दिला, ब्रेक लावला. पण एवढं लोखंड माणसाच्या इच्छेवर थांबत नाही. त्याच्या मृत्यूच्या चौकशीत अप्पांवर ठपका आला नाही. तेव्हापासून या घराने त्या जागेला वळसा घातला, पायांनी आणि शब्दांनीही. विषय निघाला की आई स्वयंपाकघरात नाहीशी होई. वर्षा शाळेला लांबच्या रस्त्याने जाई. का, हे विचारायचं नसतं, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं.

"कसाले उकरी ऱ्हायनी तू हाई?" संताप आला की अप्पांची अहिराणी उसळून वर येई. "भर प्रदर्शनात बापाला उभं करणार? येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं देत बसू?"

"चूक तुमची नव्हती. कुणी विचारलंच तर मी सांगेन. पण घडलंच नव्हतं, असं इंजिन मी करणार नाही."

"बेटा, जरा पक्कड लाव ना," पंडितकाका पुटपुटले. "पाहणाऱ्याला काय कळतंय? पोरं येतात, शिट्टी वाजवा म्हणतात, निघून जातात."

"काका, तुम्हीसुद्धा केबिनमध्ये होतात."



अप्पांनी इंजिन उचललं. पितळेचा पातळ पत्रा. एका दाबाने सरळ झाला असता. अंगठा आतल्या बाजूने त्या दबलेल्या जागी जाऊन टेकला. वर्षाचा हात आपसूक पुढे झाला. तिने तो मागे घेतला.

"करा सरळ," ती म्हणाली. "पण मग त्यावरचा नंबरही खरवडून टाका. ते दुसरंच कुठलंतरी इंजिन असेल. तुमचं नाही, माझंही नाही."

अंगठा हलला नाही. खिडकीतून शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट अखंड येत होता.

"अप्पा, लारी ओढणाऱ्या त्या माणसाचं नाव काय होतं?"

पंडितकाकांनी मान खाली घातली. अप्पांचे ओठ किंचित हलले, आतल्या आत कैक वेळा उच्चारून झिजलेला एखादा शब्द जिभेवर यावा, तसे. मग त्यांनी इंजिन खाली ठेवलं, दबलेली बाजू तशीच ठेवून, पायांत चपला सरकवल्या आणि ते जिना उतरून गेले.