रांगेचं गृहीतक

हर्षाला गृहीतकं कधी पचलीच नाहीत. बाकी विषयांत ती कुणाला हार जायची नाही. पण 'खालील विधानामागचे गृहीतक ओळखा' असं दिसलं, की हमखास चुकायची. अमरावतीच्या क्लासमधले वामनराव सर घसा फोडून सांगत, "जे लिहिलेलं नाही, पण ज्याच्यावाचून विधान उभंच राहत नाही, ते गृहीतक. उलटं करून पाहा. विधान पडलं, की तेच उत्तर." आता सरकारी नोकरीच्या परीक्षेची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेत बसणार नव्हतं.

केंद्र आलं अकोल्याला. झेंडूची तोडणी बायकोवर टाकून तिचे बाबा, केशवराव, पहिल्या एसटीने सोबत निघाले. शाळेपाशी पोचले तर ही लांबलचक रांग! साडेआठला फाटक बंद होणार होतं. दोघं मुकाट्याने शेवटी उभे राहिले.

सव्वाआठ झाले, तरी रांग तसूभर हलेना. सगळे तर्काची पुस्तकं चाळण्यात दंग. हर्षाही चाळत होती: 'दुकानापुढे गर्दी आहे, म्हणून माल चांगला असणार.' तिने सवयीने उलटं करून पाहिलं, गर्दीच चुकली असेल तर?, आणि मान वर करून रांगेकडे पाहिलं.

"बाबा, हे रांग कायची हाय?"

"परीक्षेची. दुसरी कायची असन?"

"कोनाले इचारलं तुमी?"

"इतके शिकलेले पोट्टे उभे हायत. इचारून त्यायचा अपमान करू काय?"

हर्षा तरातरा पुढे गेली. फाटकाला गंजलेलं कुलूप. सगळ्यात पुढे पंजाबराव नावाचे एक म्हातारे भाजीवाले.

"काका, तुमी कायले उभे?"

"मी त सात वाजता बुटातला खडा काढाले थांबलो होतो. मांगं पाह्यतो त हे सारे! म्हटलं, इतके लोक उभे हायत, काईतरी भेटत असन."

म्हणजे पोरं म्हाताऱ्याला पाहून उभी, आणि म्हातारा पोरांना पाहून! हर्षा ओरडली, "हे मांगचं फाटक हाय! परीक्षा इथं नाई!"

एकाने पुस्तकातून मानही वर न करता विचारलं, "मंग आमी इतके जन येडे हाओत काय?"

याला उत्तर होतं, पण वेळ नव्हता. ती भिंतीला वळसा घालून धावत सुटली. पुढचं फाटक सताड उघडं, आणि पहारेकरी एकटाच घड्याळ पाहत बसलेला. आठ सत्तावीस.

"रांगेनं या," तो म्हणाला.

"मी एकटीच हाओ, भाऊ!"

"एकट्याची रांग नसते. बिनारांगेचं आत सोडाचं नाई, असं लिहून देलं हाय." त्याने कागदही दाखवला.

हर्षाला रडू कोसळलं. इतक्या वर्षांचा अभ्यास, आणि अडलं कशावर, तर मागे उभं राहायला माणूस नाही यावर! तेवढ्यात धापा टाकत केशवराव आले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"बाबा, तुमाले पटलं?"

"मले काई समजलं नाई. तू गेली म्हून आलो."

पहारेकऱ्याने बोटाने मोजलं. एक, दोन. "आता कसं! चाला."

केशवरावांच्या मागून पंजाबराव आले. पंजाबराव हलले म्हणून त्यांच्यामागून अख्खी रांग आली.

"इथं काय भेटून राह्यलं, भाऊ?" पंजाबरावांनी विचारलं.

"माह्या पोरीले नोकरी," केशवराव छाती काढून म्हणाले.

ते ऐकून हर्षाचे डोळे पुन्हा भरून आले. पेपर अजून वाटायचे होते.