कडेचं सुकेळं

“काकू, परत एकदा. पण या वेळी जरा आठवणीत जाऊन.”

“आठवनीत कशी जाऊ, बाय? हात दोरीत आहेत,” हंसा म्हणाली आणि सुकेळ्यांवर गुंडाळलेल्या पानाची गाठ आवळली.

चंदनसारहून आलेली स्वप्नाली फोन धरून उकिडवी बसली होती. तिची कंपनी गावोगावचे पदार्थ विकायची आणि प्रत्येक पदार्थाला एक गोष्ट चिकटवायची. व्हिडिओ चालला, तर गासच्या या वाडीतली यंदाची सगळी सुकेळी कंपनी उचलणार होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, सकाळी मांडवावर मांडायची, सांजेला कापडात निजवायची, असं आठवडाभर, की केळ्याचं सुकेळं होतं. हे सगळं हंसाने सांगून झालं होतं. पोरीला ते पुरत नव्हतं.

“लोक वस्तू घेत नाहीत काकू, इमोशन घेतात.”

“मग कांदा आनू का?” ओटीवरून हंसाचा नवरा श्रीपत म्हणाला. “डोळ्यात पानी लागत असंल तर?”

स्वप्नाली हसली. हंसा हसली नाही. गोड बोलणाऱ्याची नजर कुठं कुठं फिरते, हे ती सकाळपासून बघत होती. नजर देव्हाऱ्यावर टेकली, चुलीवर टेकली आणि भिंतीवरच्या दोन वेण्यांच्या मुलीच्या फोटोवर जरा जास्तच टेकली.

हात चालू लागले तशी हंसा सवयीने गुणगुणली, “ऊन सोनियाचं बाई, माझ्या मांडवाला आलं…” फोन जवळ सरकला. तिने पुढची ओळ गिळली.

फोन सुकेळ्यांच्या चटईवरून फिरत कडेला आला. “सगळी बांधलीत. हे एकच का ठेवलंत?”

“कावळ्याला.”

खोटं होतं. तिची लेक विनिता कडेचं सुकेळं अर्धं ओलं असतानाच पळवायची आणि चिकट बोटांनी ‘मी नाय खाल्लं’ म्हणायची. आठवीत होती, तापाने गेली. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक मांडणीतलं कडेचं एक हंसा बांधत नव्हती. हे तिने श्रीपतलाही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

स्वप्नालीचा आवाज उतरला. “फोटोतल्या ताईसाठी ना?” तिचे डोळे भरले होते.

कांद्याशिवाय पाणी काढायची विद्या येते हिला, हंसाच्या मनात आलं.

“फोन दे.”

तिने तो घरात नेला, तांदळाच्या पिंपात कोपरभर खाली खुपसला आणि झाकण लावलं. मग येऊन समोर बसली.

“विनिता. माझी पोर. आता रड, रडायचं तर.”

आणि तिने सांगितलं. वेण्या, चिकट बोटं, ताप, सगळं. पोरगी ओढणीत तोंड घालून रडली. तरी हंसाने मधेच एकदा पिंपाकडे बघून घेतलंच. जाताना स्वप्नाली फोनवरचे दाणे फुंकत निघाली. हंसा तिला पोचवायला फाटकापर्यंत गेली नाही. सांगितलं हेच चुकलं, असं तिला रात्रंदिवस वाटत राहिलं.

दहा दिवसांनी व्हिडिओ आला. श्रीपतने फोन लांब धरला. बासरी वाजली, तशी हंसाने पदराचं टोक मुठीत आवळलं. आता येणार. आता पोरीचं नाव बाजारात येणार.

हात आले. दोरी आली. पान आलं. ‘गासची सुकेळी, आठवडाभराच्या उन्हातली.’ संपलं.

“परत लाव.”

दुसऱ्यांदा तिने हात बघितलेच नाहीत, चटई बघितली. चटईची कड चित्रात नव्हती. बरोबर त्या एका सुकेळ्याच्या अलीकडे चित्र कापलं होतं.

“चालनार नाय हा,” श्रीपत म्हणाला. “यात गोष्टच नाय.”

“नाय चालनार,” हंसा म्हणाली. मूठ सुटली होती.

श्रीपतने फोन खिशात टाकला आणि नव्या मांडणीकडे बघत म्हणाला, “ऊन उतरलं. कडेचं परतलंस का?”

हंसाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो बंडीच्या गुंडीशी खेळत होता. ती उठली, मांडवापाशी गेली आणि कडेचं सुकेळं दोन बोटांनी हळूच दुसऱ्या कुशीवर केलं.

“…लेकीनं माझ्या गं, ओंजळीत न्हेलं,” ती गुणगुणली.