ओली खोळ

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. रंग विटकरी, गळ्याशी बूच, आणि वयोमानाने रबर जरा कडक झालेलं. मला कोणी कधी सुंदर म्हटल्याचं आठवत नाही. पण मित्रांनो, एका गोष्टीचा मला तोरा आहे. मी गळत नाही. कारखान्यात साच्यातून निघाल्यावर तिथल्या बाईंनी माझ्यात हवा भरून मला पाण्यात दाबून धरलं होतं. एकही बुडबुडा वर आला नाही. "ही पक्की आहे," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात टाकलं.

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. घरातली मुलं त्यांना आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. खाली दुकान, वर घर. घरात भाऊ, भावजय आणि मुलं. आत्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांची कात्रीही वेगळी. तिला दुसऱ्या कोणी हात लावला की त्यांचा पारा चढे. उरलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यांची त्यांनी मला खोळ शिवली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर जागा दिली.

मग माझे सुगीचे दिवस सुरू झाले. कोणाची कंबर धरो, मान आखडो, पोटात कळ येवो, आत्यांचा हुकूम एकच, "पिशवी आणा!" शेजारीपाजारीही मला मागून नेत. दोन दिवसांनी माणूस हिंडूफिरू लागला की म्हणत, "पिशवीने गुण आला." खरं तर बरीचशी दुखणी आपली आपणच जातात. पण कोंबडं आरवलं आणि सूर्य उगवला, की कोंबड्याला वाटतं तो आपल्यामुळेच उगवला. माझंही तसंच झालं होतं.

एकदा शाळा उघडायच्या तोंडावर दुकानात गणवेशांच्या कापडाचे ढीग पडले होते. दुपारी आत्या कात्री ठेवून वर यायला निघाल्या आणि जिन्यात मध्येच बसल्या. असं त्या कधी बसत नसत. वर आल्यावर भावजयीला म्हणाल्या, "डावा खांदा धरलाय गं. दाढही ठणकतेय मेली. पिशवी दे जरा."

डावखुरी बाई दिवसभर कापड कापते, तिचा डावा खांदा दुखणारच. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला भरून खांद्यावर ठेवलं गेलं.

माझ्याखालची कातडी हळूहळू ऊबदार होते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्या दिवशी ती गारच राहिली. गार आणि ओली. मला हे कळत होतं, पण सांगणार कशी? पिशवीला तोंड असतं ते फक्त पाणी ओतण्यापुरतं.

थोड्या वेळाने भावजय पाणी बदलायला आली. खोळ हाताला ओलीचिंब लागली.

"वन्सं, पिशवी गळायला लागली वाटतं. जुनीच झाली आता."

मित्रांनो, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तिने खोळ काढली, मला मोरीवर उलटं धरलं, दाबलं, पिळलं. एक थेंब पडला नाही.

"मग हे पाणी कुठलं?" ती स्वतःशीच म्हणाली आणि धावत आत्यांकडे गेली. कपाळाला हात लावला, तर घामाने थबथबलेलं आणि बर्फासारखं गार.

"वन्सं, छातीत दुखतंय का?"

"दुखत नाही गं. नुसतं दडपल्यासारखं होतंय सकाळपासून. पित्त असेल. गणवेश उद्या द्यायचेत, उगाच बाऊ करू नकोस."

"गणवेश गेले खड्ड्यात!" आत्यांपुढे कधी चढा आवाज न काढणारी ती बाई ओरडली. "तुम्ही जागचं हलायचं नाही. जिना तर मुळीच उतरायचा नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

आत्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. दारातून जाताना त्या क्षीण आवाजात एवढंच म्हणाल्या, "माझ्या कात्रीला हात लावू नका." मी मोरीपाशी पालथी पडले होते. मला भीती वाटत होती, ती माझ्यासाठी नव्हती.

आत्या परत आल्या. तो हृदयविकाराचा झटका होता, वेळेत आलात म्हणून वाचलात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हृदयाचं दुखणं दर वेळी छातीतच होतं असं नाही. ते खांद्यात, जबड्यात, पाठीतही शिरतं, आणि सोबत गार घाम, धाप, मळमळ येऊ शकते. आत्यांना हे आता तोंडपाठ आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवतात.

तेव्हापासून माझा रुबाब कमी झाला आहे. दोन महिन्यांपूर्वी शेजारचे किल्लीवाले घाईने आले. "पोरीच्या पोटात दुखतंय, पिशवी द्या."

"कुठे दुखतंय?" आत्यांनी विचारलं.

"आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडे खाली."

"ताप? उलटी?"

"दोन्ही. सरळ उभंही राहवत नाही तिला."

"मग पिशवी मिळणार नाही. शेकू नका आणि घरचं औषधही देऊ नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या."

तरी किल्लीवाल्यांनी माझ्याकडे हात केलाच. आत्यांनी त्यांना अक्षरशः दाराबाहेर ढकललं. अपेंडिक्स होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

मित्रांनो, दमलेल्या कमरेसाठी मला खुशाल घ्या. पण दुखणं अनोळखी वाटलं, वाढत चाललं, सोबत घाम, ताप, उलटी किंवा धाप असली, तर मला खिळ्यावरच राहू द्या.

आज ती मुलगी फ्रॉकचं माप द्यायला आली होती. पाणी प्यायला वर आली, घटाघट पाणी प्यायली आणि उड्या मारत जिना उतरून गेली. तिला बरं केल्याची शाबासकी मला कोणी दिली नाही. पण आजवर माझ्या शेकाने जी माणसं बरी झाली म्हणतात, त्या सगळ्यांपेक्षा मला तीच जास्त आवडते.