लियाचं बारसं

नाव ठेवायचा मान आत्याचा. नांदेडात घ्या की लातुरात, पाळण्यावर वाकून पोरीच्या कानात नाव सांगायचं ते बापाच्या बहिणीनं. आणि मी, शिवकन्या, प्रेमची एकुलती एक बहीण. माहूरगडावर जाऊन, देवीपुढं हात जोडून मी रेणुका हे नाव ठरवून आले होते. लातूरला भावजयीच्या, अंबिकाच्या माहेरी पाऊल टाकते तर काय, भिंतीवर गुलाबी फुग्यांमध्ये हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: लिया!

"हे कुणी ठरवलं रे?" मी प्रेमला विचारलं.

"रूपालीनं. भारी हाय ना? हिब्रू नाव हाय, आक्का."

रूपाली म्हणजे अंबिकाची धाकटी बहीण. दिसायला देखणी, बोलायला चुरचुरीत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सख्ख्या बहिणीला एका शब्दानं विचारलं न्हाई, आणि मेव्हणी म्हणली की लगेच हिब्रू! मेल्याला धड इंग्रजी येत न्हाई.

पण मी बी काही कच्च्या गुरूची चेली न्हाई. नांदेडला मी ज्या दवाखान्यात काम करते, तिथल्या ख्रिश्चन सिस्टरला उभ्या उभ्याच फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. नाव बायबलातलं, मराठीत लेआ म्हणतात. अर्थ, थकलेली. काही जाणकार तर रानगाय असाही अर्थ लावतात. दोघी बहिणी होत्या, थोरली लेआ, धाकटी राहेल. याकोब नावाच्या माणसाचा जीव राहेलवर, तिच्यासाठी तो तिच्या बापाकडं वर्षानुवर्षं राबला. सासऱ्यानं लग्नात तोंड झाकून थोरली गळ्यात बांधली, वर म्हणाला, थोरलीच्या आधी धाकटी द्यायची आमच्यात रीत न्हाई. पुढं याकोबाला राहेलही मिळाली. लेआ मात्र नावडतीच राहिली.

अगं बाई! मला तर आतून गुदगुल्याच व्हायला लागल्या. आता जिरते की न्हाई बघा मावशीबाईची, असं म्हणत मी आतल्या खोलीत गेले. अंबिका पोरीला पाजत बसली होती.

"तुझ्या लाडक्या बहिणीनं पोरीला काय नाव दिलंय, ठाव तरी हाय का?" म्हणत मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. रानगाय तर दोनदा सांगितली.

मला वाटलं, आता ही कपाळावर हात मारून घेईल. तिनं शांतपणे पदर सारखा केला.

"मला ठाव हाय, आक्का. नाव मीच शोधलंय."

"आं? मग रूपालीचं नाव कशाला?"

"मीच तिला म्हणलं, तुझं म्हणून सांग. मी सांगितलं असतं तर हे म्हणले असते, बघू. तिचं म्हणल्यावर कसे लगेच हो म्हणले."

मी तिच्या शेजारी खाली टेकले.

"बघायच्या कार्यक्रमात यांनी रूपालीला पसंत केलतं. माझे बाबा म्हणले, थोरली आधी. तुम्ही होता की तिथं." तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. "लई जळते मी, आक्का. सख्ख्या बहिणीवर जळते. ती घरी आली की यांचा चेहरा मला बघवत न्हाई. आता हे रोज लिया म्हणून हाक मारतील. मरेपर्यंत मारतील."

तिच्यापुढं माझा जळफळाट म्हणजे पोरखेळच वाटला मला.

बाहेर बायका जमल्या. मी पाळण्याशी गेले. रेणुका अगदी जिभेवर होती. कुणाची छाती होती मला अडवायची? प्रेम मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

"रूपाली, अशी पुढं ये ना, दिसत न्हाईस," तो म्हणाला. पाळण्याच्या उशाशी अंबिका उभी होती. तिला जरा सरकायला लावून त्यानं मेव्हणीला मध्ये घेतलं.

मी वाकले आणि पोरीच्या कानात म्हणाले, लिया. कुर्रर्र करत बायकांनी माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या. रूपालीनं तर सगळ्यात जोरात.

"बघा, मेव्हणीची पसंती!" प्रेम खुशीत ओरडला.

"मेव्हणीची न्हाई, बायकोची," मी म्हणाले. "नाव तिनं शोधलंय. अर्थ बी तिलाच ठाव हाय."

त्याचा मोबाईल खाली आला. "काय गं अर्थ?"

अंबिकानं पोरीला उचलून छातीशी घेतलं.

"सांगते की सावकाश. आधी तिला हाक तर मारा."

"लिया," प्रेम म्हणाला.

"अजून एकदा," अंबिका म्हणाली.