तेजरामांच्या कार्डावर

आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळाची लायब्ररी म्हणजे कृष्णरावांच्या पुढच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. कार्ड फक्त भिलाईच्या पोलाद प्लँटात नोकरी असलेल्याला. मी माझ्या नावानं कार्ड मागायला गेले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष कृष्णराव हसले. "वहिनी, तेजरामचं कार्ड आहे ना? एका घरात दोन कशाला?"

तेजराम म्हणजे आमचे हे. ब्लास्ट फर्नेसवर कामाला. माणूस वाईट नाही, पण पुस्तक हातात घेतलं की पाचव्या ओळीला घोरायला लागतो. रविवारी ते पुस्तक आणायचे, मी शेगडीपाशी बसून वाचायचे, पुढच्या रविवारी ते परत न्यायचे. कार्ड शिक्क्यांनी भरलं आणि मंडळाला वाटलं, भिलाईत असा वाचणारा दुसरा नाही.

मंडळाच्या वार्षिक समारंभात 'वर्षभरातली आवडती पुस्तकं' यावर सभासद बोलतात. गेल्या वर्षी यांचं नाव आलं. काय बोलायचं ते सगळं मी यांच्याकडून पाठ करून घेतलं. यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. कृष्णरावांनी विचारलं, "घरी वहिनीही वाचतात का?" हे माईकवरच म्हणाले, "तिले कुठं वेळ? तिचं पोळ्या-भाजीतच चालून राहते." बायकांच्या सतरंजीवर मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून झोंबतात.

म्हणून यंदाही यांचं नाव आलं तेव्हा मी मनात काही ठरवलं होतं. माझी आवडती कादंबरी एका मास्तरणीची. नवऱ्याचं घर सोडून ती बाहेर पडते आणि शेवटी परत येत नाही; दूरच्या गावात मुलींची शाळा काढते. पुस्तक आलं तेव्हा त्याची पानं जोडलेली होती. मी भाजीच्या सुरीनं एकेक कापत वाचलं. माझ्याआधी ते कोणी उघडलंच नव्हतं.

"लवकर सांग, मले शिफ्टले जाचं आहे," हे म्हणाले.

मी सगळी गोष्ट खरी सांगितली, शेवट तेवढा बदलला. म्हटलं, ती परत येते, नवऱ्याच्या पाया पडते. ठरवलं होतं की हे बोलले की कोणीतरी उठेल, म्हणेल, असं नाही ते. मग मी उठेन. मग तरी कळेल पुस्तकं कोण वाचतं, आणि कार्ड माझ्या नावाचं होईल.

समारंभात यांनी शेवट छान रंगवला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. कोणीही उठलं नाही. टाळ्या थांबेनात, आणि कृष्णराव म्हणाले, "वा! हा शेवट वाचून मीही रडलो होतो, गेल्याच वर्षी."

मग मीच उठले. "शेवट असा नाही. ती परत येत नाही. पुस्तक मी वाचलंय."

पुस्तक टेबलावरच होतं, हार घातलेलं. हात लांब करून उघडायचं तेवढं होतं.

"वहिनी, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा," कृष्णराव गोड आवाजात म्हणाले. "मी स्वतः वाचलंय."

"पानं जोडलेली होती त्याची. मी भाजीच्या सुरीनं कापली."

"मग त्या सुरीनं भाजीच कापा, वहिनी!"

हॉल हसला. बायकाही हसल्या. मी स्टेजकडे पाहिलं. हेही हसत होते. माझ्या शेजारची ललिता पदर ओढून मला खाली बसवत म्हणाली, "बस न वो, कावून तमाशा करते?"

मी बसले. हार तसाच राहिला.

घरी आल्यावर वाटलं, हे चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. यंदा मिळालेली शाल खुंटीला अडकवत त्यांनी विचारलं, "खरंच परत नाई येत का ती?"

"नाही."

"मंग बरं केलं तू. लोकायले हेच आवडलं."

मला त्या शालीची चिरगुटं करावीशी वाटली. नाही केली. पुढच्या रविवारी यांनी नवं पुस्तक आणलं, माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "याचाबी शेवट चांगला करजो." मी सुरी घेतली आणि पानं कापायला बसले. कार्ड त्यांचं होतं, आणि मला वाचायचं होतं.